आठ सिलिंडर आणि साडेतीन लिटर

कमलाकांत धराधरला फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही म्हणता येत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला तो दोनदा हात पुढे करतो, पहिल्यांदा चष्मा लावून आणि दुसऱ्यांदा काढून. आमच्या गिरगावातल्या बिल्डिंगीत तो तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या, म्हणजे गेली बेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर आहे. एकेकाळी ही अख्खी बिल्डिंग धराधरांची होती असं तो सांगतो. असेल. आज त्यांच्याकडे दोन खोल्या, एक गॅलरी आणि एक भलंमोठं नाक उरलं आहे. विमा कंपनीतून तो असिस्टंट म्हणून निवृत्त झाला, पण दारावर पाटी आहे ती 'माजी अधिकारी' अशी. ती पाटीसुद्धा दुसऱ्या कोणाच्या तरी पाटीवर रंग मारून केलेली. उन्हाने रंग उडाला की खालून 'डॉ.' दिसायला लागतं, आणि आठवड्यातून एखादा पेशंट वर चढतो.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या चुलतकाकूचा फोन आला. घोडपदेवला काकांचं मिरच्यांचं गोदाम होतं. ते विकलं गेलं होतं, आणि त्याच्या मागच्या भिंतीला काकांची जुनी अमेरिकन गाडी तीस वर्षं उभी होती. आठ दिवसांत कोणी उचलली तर फुकट, नाहीतर भंगारवाला येणार. कमलाकांतने गाडी कुठली, केवढी, चालते की नाही, यातलं काही विचारलं नाही. टायरमध्ये हवा कोण भरून देणार, एवढंच विचारलं.

ती आली तीही फुकटच. आमच्याकडे रोज येणारा पाण्याचा टँकर त्या दिवशी घोडपदेवला वळसा घालून आला आणि त्याच्या मागे दोरखंडाने बांधलेली ही बया. टँकरवाल्याला याबद्दल काय मिळालं, असं मी कमलाकांतला मागाहून विचारलं. आशीर्वाद, म्हणाला.

इम्पाला, सन चौसष्ट. लांबी साडेसतरा फूट. मागे दोन्ही अंगांना तीन-तीन गोल लाल दिवे असायला हवेत, त्यांपैकी दोन होते. आमचं कंपाउंड एकवीस फुटांचं. म्हणजे ती आत आली आणि बाकी सगळं बाहेर गेलं: पाच स्कूटर, इस्त्रीवाल्याचं टेबल आणि आमच्या घरचे पापड-सांडगे वाळत घालायची जागा. गाडीत जो बसेल त्याला शिंका येत. तीस वर्षांची मिरची सीटच्या स्पंजात मुरली होती. पहिल्या दिवशी कमलाकांत सगळ्या बिल्डिंगीला एकेक करून आत बसवत होता आणि प्रत्येक जण डोळे पुसत उतरत होता. त्याला वाटलं, लोक भारावले.

ही गाडी म्हणजे धराधर घराण्याचा मानबिंदू, असं त्याने जाहीर केलं. घराणं म्हणे चारशे वर्षांचं आणि मानबिंदू चौसष्ट सालचा, मग मधली साडेतीनशे वर्षं यांनी कशावर काढली, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण तो मग सांगत बसला असता. ताडदेवचा एक गॅरेजवाला येऊन बघून गेला, परळचा एक आला. त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला की कमलाकांत विचारायचा, यात तुमचा चहा धरलाय का. ते गेले ते गेलेच.

मग आमचा पाण्याचा पंप जळला आणि तो करायला कास्मीर आला. कास्मीर बाप्तिस्ता, माझगावच्या माथारपाखाडी या जुन्या ख्रिस्ती गावठाणातला, सत्तरीच्या घरातला, अंगाने काडी, आणि हातांच्या रेषांत ग्रीस असं बसलेलं की ज्योतिष्याला काळ्या शाईत छापलेला हात मिळावा. भायखळ्याच्या एका गॅरेजात त्याने वीस वर्षं फक्त अमेरिकन गाड्या केल्या होत्या. पुढे त्या गाड्या संपल्या, गॅरेजही संपलं. मग त्याने स्कूटरी केल्या, पंप केले, घरोघरचे मिक्सर केले. गावठाणातले लोक त्याला मिक्सरवाला कास्मीर म्हणायचे. एके काळी आपण काय चीज होतो हे तो सांगायला लागला की लोक मान हलवायचे आणि आपला मिक्सर कधी देतोस ते विचारायचे. हे त्याला फार लागायचं.

त्या दिवशी त्याने पंप हातातून खाली ठेवला, बॉनेट उघडलं आणि मान आत घालून इतका वेळ उभा राहिला, की मला वाटलं याला चक्कर आली.

"हिला मारली नाय कोणी," तो बाहेर येऊन म्हणाला. "झोपलीय. उठेल."

कमलाकांतने लगेच विचारलं, किती घेशील.

"मना मजुरी नको, साहेब. पार्ट लागतील ते बघू. मी रविवारी येन. एकच गोष्ट हाय. माझी नात, कॅरिसा, तिचं लगीन होईल तवा ही गाडी तिला घरातून चर्चला नेईल. आणि इंजिन वाजत जाईल. आमच्या गावानं एकदा तो आवाज ऐकला पायजे. मग मना कोण मिक्सरवाला बोलणार नाय."

कमलाकांतने यातलं 'मजुरी नको' एवढं ऐकलं आणि हात पुढे केला. पुढचं सगळं मी ऐकलं, म्हणून आज सांगू शकतो. कॅरिसा तेव्हा कॉलेजात होती. लग्न कुठे उद्या आहे, असा कमलाकांतचा विचार. माणूस आयुष्यभर विम्यात होता. लांबच्या तारखेचं वचन द्यायला त्याला काही वाटत नाही.

कास्मीर चार वर्षं रविवारी येत राहिला, कोरोनात पोलीस अडवायचे तेवढे महिने सोडून. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन यायचा. जेवणाला कमलाकांत त्याला कधी वर बोलवायचा नाही. लीलावहिनी, कमलाकांतची बायको, जिन्यातून ताक पाठवायच्या, तेवढंच. इंजिन उतरवलं ते जिन्याच्या तुळईला कप्पी बांधून, आणि त्या दिवशी तिन्ही मजल्यांवरची माणसं रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. जाम झालेले पिस्टन सुटावेत म्हणून आठही सिलिंडरांत महिनाभर डिझेल आणि एरंडेल भरून ठेवलं. डिझेल कास्मीरचं, एरंडेल कमलाकांतचं, अर्धी बाटली, घरातलीच, वापरलेली. ब्रेकचे वॉशर ॲम्बॅसेडरचे, वायपरची मोटर एका टेम्पोची, रेडिएटर भायखळ्यात झाळून घेतलेला. बाकी सगळं कास्मीरच्या पत्र्याच्या पेटीतून आलं. गॅरेज बंद झालं तेव्हा मालकाने त्याला शेवटचा पगार म्हणून एक पेटीभर पार्ट दिले होते. तीस वर्षं ती त्याच्या खाटेखाली होती. या चार वर्षांत ती रिकामी झाली. कमलाकांत त्याला म्हणाला, बघ, खाटेखाली झाडू मारायची तुझी सोय झाली.

आणि कमलाकांतने काय केलं? त्याने सजावट केली. लालबागला गणपतीचे देखावे रंगवणारा एक बाबुराव आहे. त्या वर्षी एका मंडळाने समुद्राचा तळ केला होता आणि मोरपिशी रंगाचं अर्धं पिंप उरलं होतं. त्या रंगात इम्पाला बुडवली. हाताला सवय, म्हणून बाबुरावने दोन्ही दारांवर लाटा काढल्या. त्या पुसायला कमलाकांतने नकार दिला, कारण रंग वाया गेला असता. बंपरला मखराची चंदेरी. चाकांवर झाकणं नव्हती, तर भुलेश्वरहून स्टीलच्या चार पराती आणून ठोकल्या. त्यांतल्या एकीवर 'कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं आहे, म्हणून ती स्वस्त पडली. ही गंगाबाई कोण ते त्याला माहीत नाही, पण तेव्हापासून ती पुढच्या डाव्या चाकावर गरगरते आहे.

कास्मीरने एका परातीवर बोट वाजवून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, वरून काय पण लावा. आत हात घालू नका."

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, रविवारी अकराच्या सुमाराला, इंजिन सुरू झालं. मी आयुष्यात कमलाकांतच्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही, कारण तो आवाज कमलाकांतचा नव्हता. खर्जातला, सावकाश, एकसारखा, मोठ्या पंजाने पखवाजावर थापा टाकत राहावं तसा. कानाला नाही, पोटाला ऐकू येत होता. आमच्या फळीवरचे पेले एकमेकांकडे सरकले. कास्मीर हात पुसायचं फडकं तोंडावर धरून उभा होता. कमलाकांतने घड्याळ पाहिलं आणि दोन मिनिटांनी किल्ली फिरवली.

पुरे, म्हणाला, किती प्याली बघ.

कारण ती पिते. चार किलोमीटरला एक लिटर, आणि उभ्या उभ्या पिते ते वेगळंच. पेट्रोलचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. मग कमलाकांतने गाडीचा आनंद घ्यायची स्वतःची अशी रीत काढली. रोज संध्याकाळी सहाला तो इस्त्रीचा बुशशर्ट आणि पांढरे हातमोजे घालून खाली येतो. बरोबर लीलावहिनी, पावडर लावून, केसांत गजरा. तो त्यांना दार उघडून देतो, मग स्वतः स्टिअरिंगमागे बसतो, आणि सातपर्यंत दोघं तिथे बसून राहतात. गाडी जागची हलत नाही. किल्ली वर घरी, साखरेच्या डब्यामागे. समोर भिंत आहे आणि भिंतीवर पाणीपट्टीची नोटीस. कमलाकांत नोटिशीकडे बघत चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करतो, मध्येच काच खाली घेतो आणि म्हणतो, वारा बरा सुटलाय. मी एकदा त्याला विचारलं, कुठवर जाऊन आलास. हाजीअली, म्हणाला, आज गर्दी नव्हती. लीलावहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ही बाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, अख्ख्या मुंबईला मुंबईशी बोलायला लावलं तिने.

गेल्या डिसेंबरात कास्मीर पत्रिका घेऊन आला. कॅरिसा आता एका वकिलाच्या ऑफिसात लागली होती आणि नवरा बोटीवरचा होता. लग्न जानेवारीत, शनिवारी संध्याकाळी साडेचारला, माझगावच्या चर्चमध्ये. कमलाकांतचं नाक लांबलं. आधी तो म्हणाला, गाडीचे कागद पुरे झालेले नाहीत. ते झाले होते, मीच साक्षीला होतो. मग म्हणाला, बॅटरी बसलीय. मग म्हणाला, नवरी बारीक आहे, एवढ्या मोठ्या गाडीत दिसणार नाही. कास्मीर पत्रिका हातात धरून उभाच होता.

"साहेब, तुमचा शब्द हाय," एवढंच तो म्हणाला.

कमलाकांत आणखी काही काढणार, तेवढ्यात लीलावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. चहा आधी कास्मीरला दिला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, आम्ही येणार.

लग्नाच्या दिवशी सकाळी कमलाकांत कागद घेऊन बसला. गिरगाव ते माथारपाखाडी चार किलोमीटर. घर ते चर्च पाऊण. चर्च ते हॉल एक. हॉल ते गिरगाव पाच. चारने भागले, पावणेतीन लिटर आले. त्यात लग्नकार्य म्हणून पाऊण लिटर वर. असं साडेतीन लिटर पेट्रोल त्याने पाण्याच्या बाटल्यांतून, नरसाळ्याने, एक थेंब न सांडता टाकीत ओतलं. गणितात खोट नव्हती. फक्त कास्मीरच्या लोकांच्या, म्हणजे मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांच्या, लग्नाला तो आजवर गेला होता तो थेट जेवणाच्या वेळेला. नवरी घरातून निघते तेव्हा काय होतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. पुढे बँड असतो. बँडमागे गाडी चालत नाही, रांगते. दर दारापाशी थांबायचं, दर दारातली म्हातारी येऊन नवरीचं तोंड बघणार आणि बँडला आपलं आवडतं गाणं सांगणार. अंतर पाऊण किलोमीटर आणि वेळ पाऊण तास. तिथे पेट्रोल किलोमीटरवर मोजून चालत नाही, गाण्यांवर मोजावं लागतं.

आम्ही साडेतीनला माथारपाखाडीत पोचलो. मी मागच्या सीटवर होतो. फुकट जायला मिळत असलं की मीही थोडा कमलाकांतच असतो. कास्मीर तिथे नव्हता. तो तीनलाच चर्चच्या दारात जाऊन उभा राहिला होता, काळा सूट घालून, आणि सोबत त्या जुन्या गॅरेजातले उरलेले तीन म्हातारे. निरोप मात्र ठेवून गेला होता, की इंजिन बंद करू नका, गरम इंजिन बंद केलं तर लवकर उठत नाही.

इंजिन घरघरत होतं. बँड तयार होता. कॅरिसाच्या केसांचं काही तरी राहिलं होतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पेट्रोलचा काटा कधीच मेलेला, म्हणून कमलाकांत गाडीत एक बांबूची काठी ठेवतो. तो उतरला, टाकीचं झाकण उघडून काठी आत घातली, बाहेर काढून ओला भाग बोटाने मोजला. पाच मिनिटांनी पुन्हा मोजला. मग बँडमास्तरला जाऊन विचारलं की किती वेळ वाजवणार, आणि बँडमास्तरने मोठ्या अभिमानाने सांगितलं की पाऊण तास तर कुठेच नाही गेला.

कमलाकांत परत आला आणि त्याने किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली.

तेवढ्यात डेन्झिल, म्हणजे कास्मीरचा मुलगा, कॅरिसाचा हात धरून बाहेर आला. गावठाण गोळा झालं. कमलाकांतने हातमोजे नीट केले आणि छोटंसं भाषण ठोकलं. आमच्या घराण्यात, म्हणाला, नवरीची गाडी यंत्रावर जात नाही. बग्गीच्या काळात आमच्याकडे घोडे सोडून माणसं ओढायची. तो मान असतो, सगळ्यांना मिळत नाही. आज मी तो तुम्हाला देतो.

मंडळी सकाळपासून आनंदात होती, म्हणजे काही जण दुपारपासून ग्लासातल्या आनंदात होते. टाळ्या पडल्या. बारा-पंधरा सूटवाले मागे लागले. मान म्हटल्यावर बँडमधले दोन ढोलवाले आणि ट्रंपेटवालाही ढकलायला आले, त्यामुळे बँडही बंद पडला. उरला एक क्लॅरिनेटवाला. तो बिचारा एकटाच पुढे चालत होता, बारशाला चुकून आल्यासारखा.

कॅरिसाने आतून विचारलं, "अंकल, गाडी चालू नाय?"

चालू काय, ती कोणीही करतं, असं काहीतरी कमलाकांत म्हणाला. तिच्या शेजारी लीलावहिनी होत्या. त्यांनी तिचा ड्रेस नीट केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी मागून चालत गेलो. ढकलणाऱ्यांत नव्हतो, माझी कंबर मला मान पेलू देत नाही. वळणावर चर्च दिसलं. पायऱ्यांवर सगळा गाव उभा होता आणि सगळ्यांत पुढे कास्मीर, एक हात वर धरून. लोकांना गप्प करत होता. ऐका, असं सांगून ठेवलं होतं त्याने, ती दिसायच्या आधी ऐकू येते. त्याच्या शेजारी रामजी म्हणून ऐंशीचा म्हातारा होता, जो त्या गॅरेजात नुसत्या कानाने इंजिनाचा रोग सांगायचा. त्याने कानातलं मशीन काढून, फुंकून, पुन्हा लावलं होतं. सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत आलं काय, तर बुटांचं खरडणं, माणसांचं धापणं, कोणाचं तरी फिदीफिदी हसणं आणि तो क्लॅरिनेट. दारांवर लाटा काढलेली ती निळी गाडी प्रेतासारखी हळूहळू पुढ्यात येऊन थांबली.

कास्मीरचा हात वरच राहिला होता.

मागून एक बाई म्हणाली, "काय रे कास्मीर, मिक्सर चालू नाय झाला?" आणि पायऱ्यांवर हसू पसरलं.

कास्मीरने पुढे होऊन नातीला उतरवलं, तिच्या कपाळाला ओठ लावले आणि तिला तिच्या बापाच्या हातात दिलं. सगळे आत गेले. कमलाकांत बाहेर गाडीला टेकून मला सांगत होता की बघ, कसं निभावलं, सव्वा लिटर वाचलं. मी त्याचं ऐकत नव्हतो. कारण विधी ऐन रंगात आला असताना कास्मीर बाजूच्या दाराने बाहेर आला, टॅक्सी थांबवून गेला, आणि अर्ध्या तासाने परत आला तो दोन मोठे कॅन घेऊन. आत फादर नवरा-नवरीला विचारायचं ते विचारत होते तेव्हा हा आजोबा पेट्रोलपंपावर रांगेत होता. असा मूर्ख मी दुसरा पाहिलेला नाही.

चाळीस लिटर. त्याने ते टाकीत ओतलं आणि नरसाळं धरायला कोण होता, तर कमलाकांत, कौतुकाने. त्याला वाटलं, नवरीच्या घरचे लोक जुन्या पद्धतीचे, गाडीवाल्याला रिकामा पाठवत नाहीत.

नवरा-नवरी बाहेर आले, तांदूळ उडाले, ती दोघं आणि लीलावहिनी मागे बसली. कमलाकांत हातमोजे घालून स्टिअरिंगमागे बसला. तेवढ्यात कास्मीरने त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"खाली उतर, कमलाकांत."

सहा वर्षांत त्याने कमलाकांतला कधी अरेतुरे केलं नव्हतं. कमलाकांत म्हणाला की गाडी माझ्या नावावर आहे, कागद आहेत.

"गाडी तुझी," कास्मीर म्हणाला. "आवाज माझा. उतर."

कमलाकांतने लोकांकडे पाहिलं. ज्यांना त्याने मान दिला होता त्यांच्यापैकी एकही पुढे आला नाही, काही जण अजून पाठ चोळत होते. तो उतरला, आणि निदान एवढं तरी आपल्या हातात आहे म्हणून मागच्या खिडकीशी वाकून बायकोला म्हणाला, लीला, उतर, आपण टॅक्सी... आपण बसने जाऊ.

"तुम्ही व्हा पुढे," लीलावहिनी म्हणाल्या. "मी बसलेय."

पहिल्यांदा इंजिनाने नुसता खोकला काढला. दुसऱ्यांदाही. पायऱ्यांवर पुन्हा कोणीतरी हसायच्या बेतात होतं. तिसऱ्यांदा ती उठली, आणि चर्चच्या भिंतीवरून तो आवाज परत आमच्या अंगावर आला, तेव्हा मघाची ती बाई पर्स छातीशी धरून दोन पायऱ्या वर चढली. कास्मीर हॉलकडे गेलाच नाही. आधी माथारपाखाडीत शिरला, प्रत्येक गल्लीतून, प्रत्येक दारावरून, पहिल्या गिअरमध्ये. जे लग्नाला आले नव्हते ते गॅलरीत आले. तिथून भायखळा, लालबाग, परळ, दादर. लालबागला बाबुरावने आपल्या लाटा जाताना पाहिल्या आणि शिडीवरून ओरडला, असं त्यानेच मला नंतर सांगितलं.

इकडे हॉलमध्ये आम्ही दीड तास बसलो. चॉप्स तळून तयार होते आणि नवरी आल्याशिवाय हात लावायचा नाही. कमलाकांत मनातल्या मनात आकडे मांडत होता आणि दर दहा मिनिटांनी मला विचारत होता की दादर इथून किती पडतं.

आवाज आधी आला, मग गाडी. तिघं म्हातारे हॉलच्या दारात होते. कास्मीरने इंजिन चालूच ठेवलं आणि उतरून बॉनेट उघडलं. रामजी वाकला, कान आत घातला, डोळे मिटले.

"सहावा सिलिंडर मार खातोय, कास्मीर," तो म्हणाला.

"ऐकला मी," कास्मीर म्हणाला. "लालबागपासून."

आणि त्या दिवसात पहिल्यांदा तो हसला. मग प्लग की व्हॉल्व्ह यावरून चौघांची जुंपली. आत केक कापला गेला, टोस्ट झाला, कास्मीरला तीनदा बोलावणं आलं. तिसऱ्यांदा ती पर्सवाली बाईच आली. मिस्टर कास्मीर, म्हणाली, जेवायला चला. त्याने मान वर न करता सांगितलं, थांब जरा.

कमलाकांत या सगळ्यांच्या मागून गेला, टाकीत काठी घातली आणि ओला भाग बोटाने मोजला. मग पुन्हा मोजला. माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे," तो कुजबुजला. "लवकर जेवून घे. जाताना वरळीवरून जाऊ."

मी जेवलो. तोही जेवला, दोनदा. रात्री दहाला आम्ही निघालो. लीलावहिनी पुढे बसल्या नाहीत, मागे माझ्या शेजारी बसल्या, आणि कमलाकांत वरळीपर्यंत एका हाताने गाडी चालवत आम्हाला सांगत होता की कास्मीर माणूस मनाचा मोठा आहे, फक्त त्याला पैशाची किंमत नाही. बरं झालं आपण काही आहेर आणला नव्हता, म्हणाला, नाहीतर एवढं पेट्रोल मिळाल्यावर तो वायाच गेला असता.